चार काड्या बिनमसाल्याच्या

अक्का,

तुमची स्टीलची पाण्याची बाटली माझ्याकडेच राहिली आहे. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, तुम्ही ठेवायचात तिथेच. परवा तुमच्या दिवसांच्या कार्याला, गंधमुक्तीला, धुळ्याला निघताना बरोबर न्यायची म्हणून पुसून ठेवली, आणि ऐनवेळी विसरून गेले. कार्य आटोपून परत आले, दिवा लावला, तर ती समोर. तुमची सून फोनवर म्हणाली, "राहू द्या काकू, घरात बाटल्यांना काय तोटा." मलाही ती द्यावीशी वाटत नाही. या बाटलीशी मी मनातल्या मनात किती भांडले आहे, ते तुम्हाला ठाऊक होतं.

हे लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत आपल्या दोन नाती, तिकडे हॉलंडमध्ये. ओवी आता बोट न ठेवता मराठी वाचते. मीराला मंजू वाचून दाखवेल. त्यांना तुमच्यासाठी येता आलं नाही. शाळा, विमान, सगळं जुळेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. मंजू एकटी आली. ओवीने मला फोनवर विचारलं, "जळगाव आजी, धुळे आजीचं मी काय लक्षात ठेवू?" कार्याला आलेली माणसं तर बरंच काही सांगत होती. अक्का फार सोशिक होत्या, अक्कांनी कधी कोणाला दुखावलं नाही. माणूस गेलं की सगळ्यांचं वर्णन सारखंच होऊन जातं. तुम्ही सोशिक नव्हतात, अक्का. तुम्ही हट्टी होतात, विनोदी होतात, आणि माझ्या घरात वर्षानुवर्षं उपाशी बसलात. ओवीला मी हेच सांगणार आहे, आणि तो हट्ट कसा सुटला तेही. तो सुटला तेव्हा ती तिथेच उभी होती, पण सगळं तिच्या ध्यानात आलं असेलच असं नाही.

तुम्ही मुलीची आई, मी मुलाची. देवपुरातल्या तुमच्या घरी आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही मला उंच खुर्चीवर बसवलंत आणि इतकं शुद्ध बोललात की मला वाटलं, बाई शाळेत शिकवत असाव्यात. मग आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला, मंजूवर ओरडताना, अस्सल अहिराणीत. तेव्हा कळलं की शुद्ध मराठी तुम्ही माझ्यासाठी काढली होती, पाहुण्यांसाठी काचेचे ग्लास काढतात तशी. ते ग्लास तुम्ही पुढे कित्येक वर्षं कपाटात ठेवले नाहीत. मी "अक्का" म्हणायला लागले, तुम्ही "ताई" म्हणायला लागलात, तरी बोलणं तेच, घडी घातलेलं.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा जळगावला आलात त्या दिवशी मी मांडे करवून घेतले होते. मेहरूणला आमच्या शेजारी एक बाई फार चांगले मांडे करत. तुम्ही टेबलाशी बसलात, मांड्यांचं कौतुक केलंत, पिशवीतून ही बाटली काढलीत, दोन घोट पाणी प्यालात आणि म्हणालात, "माझं जेवण झालंय, ताई. पारोळ्याला बस थांबली तेव्हा डबा खाल्ला."

मला वाटलं, बस लागली असेल, पोट बिघडलं असेल. संध्याकाळी मंजूने खाली मान घालून सांगितलं की तिच्या आईच्या माहेरची रीत आहे. लेकीच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, नातू होईपर्यंत.

ही रीत मला ऐकून माहीत होती. पण ती माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे इंग्रजीच शिकवलेली. मला वाटायचं, कुठलीही गोष्ट दोन्ही बाजू मांडून बोललं की सुटते. तुमच्याशी बोलून पाहिलं.

"अक्का, हे कोणी सांगितलं?"

"माझ्या आईने. ती माझ्या सासरचं पाणी प्याली नाही. माझा संजय झाला तेव्हा प्याली."

"आणि संजय झाला नसता तर?"

"झाला ना," तुम्ही म्हणालात आणि विषय संपवलात.

ओवी झाली, तुमच्याकडेच धुळ्याला. तुम्ही मंजूला डिंकाचे लाडू खाऊ घालून, तेल लावून, गुबगुबीत करून पाठवलंत. बारशाला जळगावला आलात तेव्हा नातीला मांडीवरून खाली ठेवत नव्हतात. मी मनात म्हटलं, आता झालं. पण ओट्यावर बाटली होतीच. मग मीरा झाली, तिकडे. त्यानंतर फोनवर माझा आवाज जरा चढला होता.

"म्हणजे आता तुम्ही माझ्याकडे कधीच जेवणार नाही."

"असं कसं? मी येते ना."

"येता. जेवत नाही."

"जेवायला का येतं माणूस, ताई?"

असं तुमच्याशी कोण वाद घालणार. पण एकदा, एकदाच, तुम्ही मला खरं उत्तर दिलंत. आपण तलावाकाठी फिरायला गेलो होतो, मंजू पुढे बाबागाडी ढकलत होती. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला वाटतं मी नातींना मोजत नाही. असं नाही हो. पण मी आता जेवले, तर आमच्याकडची माणसं म्हणतील, हिने नातवाची आशा सोडली, पोरीच्या नशिबावर शिक्का मारला. आणि नाही जेवले, तर तुम्ही म्हणता तेही खरंच दिसतं. मग मी करू काय?" हा वाद मी जिंकणारी बाजू धरून घालत होते आणि तुम्ही दोन्हीकडून अडकलेल्या होतात, हे मला तोवर दिसलं नव्हतं.

मला भीती एकाच गोष्टीची होती. आपण दोघी म्हाताऱ्या, आपलं काय. पण एक दिवस ओवी विचारेल. आणि आपण काहीही सांगितलं तरी तिला त्याचा अर्थ एकच कळेल, की मी मुलगी आहे म्हणून माझी आजी माझ्या घरी जेवत नाही.

तो दिवस आला गेल्या डिसेंबरमध्ये, तिच्या अकराव्या वाढदिवसाला.

मुलं नाताळच्या सुट्टीला आली होती. ओवीने आल्याआल्या जाहीर केलं की पार्टी गच्चीवर, आणि खायला ती स्वतः करणार. तिकडे वाढदिवसाला चीजचे चौकोनी तुकडे करतात, एखादं फळ जोडतात, दात कोरायच्या काडीला टोचतात आणि उभे मांडतात. एका घासात एक. तिने कागदाचे चिमुकले झेंडेसुद्धा करून आणले होते, काड्यांच्या टोकाला लावायला. चीज मात्र आणलं नव्हतं. तिकडचं सगळंच शाकाहारी नसतं, असं मंजू म्हणाली. म्हणून मी इथूनच आणलं, हिरवा ठिपका पाहून.

तुम्ही आदल्या दिवशी आलात, पारोळ्याला डबा खाऊन. सकाळी आपण तिघी कामाला लागलो. मी टेबलाशी, लाकडी पाट आणि सुरी घेऊन. तुम्ही खाली, विळीवर. ओवी मधे, काड्यांचा डबा घेऊन. मी चीजच्या वडीच्या आधी सारख्या पट्ट्या केल्या, मग पट्ट्यांचे चौकोन. तुम्ही मान वर करून बराच वेळ बघितलंत.

"ताई, एवढं बारीक?"

"एका घासाचं असतं ते, अक्का."

"हे पाहुण्यांचं खाणं आहे की खाण्याचा नमुना?"

ओवीला नमुना म्हणजे काय ते सांगावं लागलं. कळल्यावर ती इतकी हसली की काड्या सांडल्या.

तुमच्या पपईच्या फोडी एक बोराएवढी, एक आवळ्याएवढी. माझे तुकडे प्रार्थनेला उभे केल्यासारखे आणि तुमचे मधल्या सुट्टीतले. मी दोन-तीनदा म्हटलं, जरा सारखं करा. तुम्ही म्हणालात, "लहान तोंडाला लहान, मोठ्या तोंडाला मोठं. घेणारा बघून घेईल." अननस मी केला, पेरू तुम्ही. पेरूच्या बिया काढून टाकायच्या की नाहीत यावर थोडं झालं. तुम्ही काढल्या नाहीत.

आणि केळं. रावेरहून माझ्या निखिलच्या, ओवीच्या बाबाच्या, मित्राने घड पाठवला होता. ओवीच्या यादीत केळं नव्हतं.

"केळं काळं पडतं, अक्का."

"पोटात जाईपर्यंत नाही पडत."

"काडीवरून घसरतं."

"मग हळू धरायचं. खानदेशात पार्टी आणि ताटात केळं नाही, रावेरवाले काय म्हणतील?"

मी लिंबाचा रस लावून पाहिला. केळं काळं पडलं नाही, पण घसरलं. तुमची केळ्याची एकही काडी उभी राहिली नाही. मीराने ताटलीतूनच बोटांनी उचलून सगळी संपवली आणि तुम्ही माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलंत. हा वाद आपला अजून मिटलेला नाही. माझं मत तेच आहे.

काड्या खोचायच्या कशात, हा प्रश्न होता. माझ्या कॉलेजच्या दिवसांत कोबीच्या गड्ड्याला चंदेरी कागद गुंडाळत. मी कोबी आणलाही होता. तुम्ही म्हणालात, "कोबी कशाला? वांगी आहेत की." दुसऱ्या दिवशीच्या भरितासाठी आणलेली ती दोन मोठी हिरवी वांगी, एकेक तान्ह्या बाळाएवढं. तुम्ही एक आडवं ठेवलंत, हलू नये म्हणून खालून चपटा काप काढलात, आणि एक काडी खोचून दाखवलीत. सरळ उभी राहिली. "आणि उद्या भाजताना टोचायचं काम वाचलं," तुम्ही म्हणालात. भरिताचं वांगं टोचल्याशिवाय भाजलं तर फुटतं, हे मी ओवीला समजावलं. तिने लगेच दुसरं वांगं पुढे ओढलं आणि अगदी ओळीत भोकं पाडायला बसली. हात चालू ठेवून, वर न बघता, तिने विचारलं.

"धुळे आजी, तू आपल्याकडे का जेवत नाहीस?"

तुम्ही म्हणालात, "जुनी रीत आहे गं."

"ते आई म्हणाली. पण काल खालच्या काकू म्हणाल्या, भाऊ झाला की जेवेल."

विळीचा आवाज थांबला.

"आम्हाला भाऊ होणार नाहीये," ओवी म्हणाली. "बाबाला विचारलं मी. मग तू कधीच नाही जेवणार?"

"मी जेवत नाही ते माझ्या आईमुळे," तुम्ही सावकाश म्हणालात. "तुझ्यामुळे नाही."

"पण मी मुलगा असते तर?"

मी तुमच्याकडे बघितलं नाही. हेच वाक्य मी तुम्हाला किती तऱ्हांनी ऐकवलं होतं, पुराव्यानिशी, तावातावाने. त्या वेळी तुमच्याकडे दर वेळी उत्तर असायचं. ओवी रागावलेली नव्हती, रडकुंडीलाही आली नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती, आणि ते जास्त कठीण होतं. खालून मीराने हाक मारली म्हणून ती पळाली. तुम्ही विळीवरची पपई संपवलीत. हात धुतलेत. मग माझ्याजवळ येऊन उभ्या राहिलात, ओट्याला टेकून.

"ताई, माझ्या चार काड्या बाजूला ठेवा."

मला आधी अर्थच लागला नाही.

"त्यांना चाटमसाला लावू नका. त्यात मीठ असतं."

"अक्का, तुम्ही खाणार?"

"फळ म्हणजे अन्न नाही. दूध म्हणजे अन्न नाही. उपासाला चालतं ना दोन्ही? जे उपासाला चालतं ते लेकीच्या घरीही चालायला पाहिजे. चुलीवर चढलेलं नाही, धान्य नाही, मीठ नाही. हे चीज दुधाचंच ना?"

"दुधाचंच."

"मग झालं. माझ्या आईने अन्नाला नाही म्हटलं होतं. चीज तिने पाहिलंच नव्हतं."

अक्का, मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, पण त्या क्षणी मला तुमचा फार अभिमान वाटला. वकिलाला सुचली नसती अशी वाट तुम्ही पपईचे हात धुताधुता काढली होतीत. मी घाईघाईने चार काड्या निवडल्या. पपई, पेरू, अननस, आणि एक पुन्हा पपई. आणि चीजचा तुकडा हातात घेतला तसं मला आठवलं की चीजमध्ये मीठ असतं.

मला गप्प बसता आलं असतं. तुम्ही खाल्लं असतंत, ओवीला उत्तर मिळालं असतं, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण तुमची रीत मला पटत नव्हती म्हणून ती तुमच्या नकळत मोडायची, हे मला जमण्यासारखं नव्हतं. ज्याने ती इतकी वर्षं उपाशी राहून सांभाळली, त्यानेच ती सोडायला हवी, समजून उमजून. मी पाकीट उचललं, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. दूध, मीठ, आणि पुढची ती लांब नावं.

नेमकं तेव्हाच मंजूने मिक्सर लावला होता, चटणीसाठी. तो मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी "मीठ" म्हटलं तेव्हा तो चालू होता की थांबला होता, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी वाचून पाकीट खाली ठेवलं. तुम्ही "बरं" म्हणालात, पदराला हात पुसलेत आणि उरलेला पेरू चिरायला बसलात.

मी चार काड्या वेगळ्या ताटलीत ठेवल्या आणि वर वाटी झाकली. दुपारभर त्या वाटीकडे माझं लक्ष होतं.

संध्याकाळी गच्चीवर शेजारची माणसं जमली. थंडी छान पडली होती, ओवीने टेबलावर दोन्ही वांगी मांडली होती, काड्यांनी भरलेली, टोकाला झेंडे. खालच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे साळिंदर की काय?" माणसं हसत हसत एकेक काडी उपटत होती. तुमचा 'नमुना' खरा ठरला, दोन मिनिटांत लोक "जेवण कधी?" म्हणून विचारायला लागले. नशीब, मंजूने खाली शेवभाजी आणि पोळ्या करून ठेवल्या होत्या.

मग ओवी ती झाकलेली ताटली घेऊन तुमच्यासमोर आली. तुम्ही कठड्याजवळ खुर्चीवर, शाल लपेटून. मंजू जिन्यातून ट्रे घेऊन वर येत होती, ती पायरीवरच थांबली. माझ्याही हातात काहीतरी होतं, काय ते आता आठवत नाही.

तुम्ही काडी उचललीत, झेंडा काढून ओवीच्या हातात दिलात, आणि खाल्लंत. सावकाश चावलंत. ओवी तोंडाकडे बघत होती.

"कसं लागलं?"

"खारट," तुम्ही म्हणालात. मोठ्याने, गच्चीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "ओवी, यात मीठ आहे का गं?"

"चीजमध्ये असतंच."

"असतंच?"

खालच्या काकूंनी कपाळावर हात मारला. "अक्का, आता हो? लेकीच्या घरचं मीठ खाल्लंत तुम्ही."

तुम्ही सगळ्यांकडे एकदा बघून घेतलंत. मग मंजूकडे वळून, तुमच्या त्या घरच्या भाषेत म्हणालात, "काय करू माय, गयं आते मीठ पोटमा." आणि मीठ पोटात गेलंच आहे तर म्हणून उरलेल्या तीन काड्या एकामागून एक संपवल्यात. मग पाणी मागितलंत. बाटली खाली ओट्यावर होती. कोणी आणायला गेलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. मंजूने आमच्या माठातलं पाणी आणलं. तिने पेला तुमच्या हातात दिला आणि कठड्याकडे तोंड करून उभी राहिली, तळ्याकडे बघत. तुम्ही पाणी पिताना तिला बघवत नव्हतं आणि हलवतही नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून तिने तुम्हाला कधी साधा पेला भरून दिला नव्हता.

ओवी मात्र दुसरी ताटली घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे गेली होती. तिला हवी ती माहिती मिळाली होती. आजी जेवली, भाऊ झाला नाही. तिच्या दृष्टीने हिशोब लागला.

माझा लागलेला नाही. तुम्ही ऐकलं होतं का, अक्का? मी "मीठ" म्हणाले ते? मला असं वाटतं की ऐकलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर दुधाचं दही, दह्याचं ताक, ताकाची कढी केली, तिला चीजचा तुकडा नुसता हाताळून कळलं नसेल? कळलंच असेल. मग तो "खारट" शब्द गच्चीभर कशासाठी? तर 'आमच्याकडची माणसं' असं तुम्ही म्हणायचात, त्यांच्यासाठी. त्यांना सांगता यावं, रीत मी मोडली नाही, चुकून मोडली गेली, साक्षीला सगळे होते. आता कोणी पोरीच्या नशिबाचं काही बोलायचं नाही. कधी कधी उलटंही वाटतं, की तुम्ही खरंच ऐकलं नव्हतंत आणि ती चूक तुम्ही हसून अंगावर घेतलीत. दोन्हींतलं कुठलंही असलं तरी तुमच्यावरचं माझं प्रेम तेवढंच आहे. पण विचारायचं होतं. वाटलं, उन्हाळ्यात तुम्ही कुरडयांना येणार आहात, गच्चीवर सावलीत बसू तेव्हा विचारू. उन्हाळा आला. तुम्ही नाही.

ओवी, मीरा, तुमच्या आजीचं काय लक्षात ठेवायचं ते मी असं सांगेन. तिला तिच्या आईचा शब्द मोडायचा नव्हता आणि नातीचा प्रश्नही उडवून लावायचा नव्हता. तिने दोन्ही धरून ठेवलं आणि मधून पेरूच्या बियांसकट वाट काढली.

अक्का, आता आपलं दोघींचं थोडं राहिलं. दुसऱ्या दिवशीचं.

सकाळी मुलं निखिलबरोबर बाहेर गेली होती. भोकं पाडलेली वांगी मी गॅसवर भाजली, एकही फुटलं नाही. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून मंजूने भरीत घोटलं आणि ती आंघोळीला गेली. भाकरी मी केली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. ही काही माझी हातखंडा गोष्ट नाही, ते तुम्हाला माहीत होतं, बघून, खाऊन नाही. मी तुम्हाला टेबलावर बसा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "खालीच बरं." मी पाट मांडला, ताट ठेवलं, भरीत वाढलं, वर तेलाची धार सोडली, भाकरी ठेवली. मग ताट दोनदा सरळ केलं. कॉलेजात मोठमोठ्या वर्गांसमोर उभी राहिलेली बाई मी.

तुम्ही भाकरी मोडलीत. भरीत लावलंत. घास तोंडात घातलात. मी समोर उभी.

"भाकर कच्ची शे, ताई," तुम्ही म्हणालात. "तवा तपना नही."

माझ्याशी तुम्ही अहिराणीत बोललात ते तेव्हा, पहिल्यांदा. त्याआधी एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्या पडद्यांचं कौतुक केलंत, माझ्या न चाखलेल्या लोणच्यांच्या रंगाचं कौतुक केलंत, फुलकोबीच्या वासाचंसुद्धा केलंत. नाव कशालाही ठेवलं नव्हतंत. ज्या घरी आपण जेवत नाही त्या घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवता येत नाहीत.

मी ती भाकरी परत मागितली. तुम्ही दिली नाहीत, खाऊन टाकलीत, आणि गुडघ्यावर हात टेकून उठलात. माझ्या ओट्याशी आलात, मला खांद्याने बाजूला केलंत, गॅस मोठा केलात, तव्यावर पाण्याचा शिपका मारून तो चरचरतो का ऐकलंत. "बसा तिथे," म्हणालात. मी तुमच्या पाटावर बसले. तुम्ही माझ्या परातीत माझं पीठ मळलंत, भाकरी थापलीत, शेकलीत, आणि ती टम्म फुगलेली माझ्या ताटात टाकलीत. माझ्या घरात, माझ्या मांडलेल्या पाटावर, मी जेवत होते आणि तुम्ही वाढत होतात.

पहिली संपत आली तसं तुम्ही मागे न वळता विचारलंत, "आखो देऊ?"

मला दोन भाकरी जात नाहीत. मी ताट पुढे केलं.